नरहररावांच्या पोटाची तीन दरपत्रकं

सोमवारी सकाळी, पहिल्या चहाच्या आधी, नरहरराव पळसुल्यांच्या पोटाने सांगितलं की अपचनावरचा कोणताही उपाय तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय आत घेतला जाणार नाही, आणि उपाय झाल्याशिवाय नवं अन्नही स्वीकारलं जाणार नाही.

आवाज बनियनच्या आतून आला. स्वच्छ होता, थोडा घोगरा. त्यांची बायको शैलाताई गॅससमोर उभ्या होत्या. त्यांनी वळून विचारलं, "आणि चहा?"

पोटाने जरा विचार केला. "चहा किरकोळ खर्चात बसतो," ते म्हणालं. "आणा."

हे सगळं शेजारच्या कालिंदीकाकू जोगळेकरांना लगेच कळलं. मिरजेच्या त्या कॉलनीत पळसुले आणि जोगळेकर यांच्यात एकच भिंत होती, आणि ती काकूंच्या बाजूने जरा पातळ होती. काकूंनी हातातली कणीक तशीच परातीत टाकली, वाटीत ओवा, सैंधव आणि हिंगाची चिमूट घेतली, आणि पदराला हात पुसत पळसुल्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"भावोजी, हे चावून घ्या आणि वर कोमट पाणी प्या. तासाभरात मोकळे व्हाल."

"वहिनी, मी घेतो हो," नरहरराव कसनुसे हसून म्हणाले, "पण हे घेईना."

"एकच दरपत्रक आलं आहे," पोट म्हणालं. "नाकारता येत नाही आणि स्वीकारताही येत नाही. टेबलावर ठेवा."

काकूंपुढे पहिला प्रश्न असा आला की मैत्रिणीच्या नवऱ्याच्या पोटाशी बोलायचं कसं. अरे-तुरे बरं दिसेना. शेवटी त्यांनी नवऱ्यालाच लावायचा तो मान पोटालाही लावायचं ठरवलं. "अहो, पण कालपर्यंत तुम्ही सगळं मुकाट्याने घेत होतात की!"

"म्हणून तर ही वेळ आली," पोट म्हणालं.

यात कुणाला फार नवल वाटलं नाही. नरहररावांनी सगळी नोकरी सरकारी खरेदी विभागात काढली होती. तिथे टाचणीची डबी घ्यायची तरी तीन दुकानांचे दर मागवावे लागत. डोकं अधूनमधून खिडकीबाहेर जायचं, पाय कँटीनला जायचे, पण पोट आपलं दिवसभर टेबलाला टेकून असायचं. फायली त्याच्या नाकासमोरून गेल्या. नियम त्याला पाठ असणारच.

खरी अडचण वेगळी होती. नरहररावांच्या मुलीचं, प्रणोतीचं, शुक्रवारी लग्न होतं. महिनाभर रोज कुणा ना कुणाकडे केळवण चाललं होतं. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले, सगळे नवरीला आणि तिच्या आईबापांना जेवायला बोलावत होते. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, पानात पाच-सहा गोड पदार्थ, आणि वर "अहो, घ्या हो, आता कुठे परत" असा आग्रह. गुरुवारी घरात ग्रहमख. एकदा ते झालं, देवक बसलं, की मग नवरीच्या घरच्यांनी दुसऱ्याकडे जेवायचं नाही. शेवटचं केळवण बुधवारी दुपारी ठरलं होतं, आणि ते कालिंदीकाकूंचं होतं.

त्यांनी ते मुद्दाम शेवटचं मागून घेतलं होतं. काकूंना मूलबाळ नव्हतं. प्रणोती रांगत त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आली ती पुढे त्यांच्याच स्वयंपाकघरात वाढली. तिचं पान शेवटी आपल्या हातचं असावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि प्रणोतीने सोमवारीच सांगून टाकलं, "बाबा शेजारी नसतील तर मी पाटावर बसणार नाही. कुणाच्याच घरी."

म्हणजे बुधवारपर्यंत पोटाचं समाधान व्हायलाच हवं होतं.

"पण मला एक सांगा," काकू खुर्ची पुढे ओढून पोटाजवळ बसल्या, "बाधलं कुणाच्या घरचं? शनिवारच्या लिमयांच्या श्रीखंडाला जरा आंबट वास होता, मी म्हटलंही होतं ह्यांना."

"चौकशी चालू असताना नाव देता येत नाही."

"बरं, तळलेलं होतं का, एवढं तरी सांगा."

"टिप्पणी नाही," पोट म्हणालं. नरहररावांनी हळूच सदऱ्याची बटणं लावून घेतली. सदरा घातला की पोटाचा आवाज दबायचा, हे तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

दुपारपर्यंत आणखी दोन दरपत्रकं आली. एक मेडिकलवाल्याचं. फसफसणारी पुडी, पाण्यात टाका आणि प्या, किंमत मामुली. दुसरं चौकातल्या डॉक्टरांचं. तपासणी फी, पंधरा दिवसांच्या गोळ्या, आणि गुण नाहीच आला तर तोंडावाटे नळी घालून आत बघणं. त्या नळीचा दर ऐकून शैलाताई खाली बसल्या.

"नळी येऊन काय करणार?" पोटाने विचारलं.

"आत बघणार."

"तपासणी पथक यायला हरकत नाही. पण आलं की त्यांच्या चहापाण्याचं इकडूनच बघावं लागतं, हा अनुभव आहे."

नरहररावांनी लग्नपत्रिकेच्या एका चुकीच्या छापलेल्या प्रतीच्या पाठीवर रकाने आखले. उपाय, दर, गुण किती, टिकतो किती. हा तुलनात्मक तक्ता. दर भरले, तरी गुणाचे रकाने मोकळेच होते.

"प्रत्येकाचा नमुना घेऊन बघा ना," काकू म्हणाल्या.

"नमुना गिळला म्हणजे माल घेतला," पोट म्हणालं. "मग तो परत कसा करणार?"

पोटच पुढे म्हणालं की नमुना तपासणी दुसऱ्या, तटस्थ पोटात करता येते. पोट निरोगी असावं, वय साधारण सारखं असावं, आणि तपासणीपुरतं अपचन करून घ्यायला ते तयार असावं.

काकू उठल्या, दारात गेल्या आणि आपल्या घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! जरा या इकडे. भज्यांचं काम आहे!"

सदाशिवराव जोगळेकर पेपर घेऊनच आले. माणूस शब्दाचा पक्का आणि भज्यांच्या बाबतीत कच्चा. काम काय आहे ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी आजारी पडायचं, मग बरं व्हायचं, आणि परत पडायचं?"

"तीनदाच," काकू म्हणाल्या.

"भजी कांद्याची की बटाट्याची?"

"दोन्ही. वर बासुंदी."

"नाही म्हणायला जागाच नाही," सदाशिवराव म्हणाले आणि पेपर घडी करून ठेवला.

सोमवार संध्याकाळ आणि मंगळवार सकाळ अशी गेली. काकू तळत होत्या, सदाशिवराव खात होते, कण्हत होते, आणि नरहरराव तक्त्यात भरत होते. फसफसणाऱ्या पुडीने इतका मोठा ढेकर आला की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने वर बघितलं. पण दोन तासांत जळजळ पुन्हा हजर. म्हणजे दर कमी, पण तो पुन्हा पुन्हा भरायचा. डॉक्टरांच्या गोळीचा गुण यायला दोन-तीन दिवस लागतात असं डॉक्टरच म्हणाले होते, आणि तोवर वऱ्हाड जेवून गेलं असतं. मात्र नळीचा दर वाचून दाखवल्यावर सदाशिवरावांना बरंच हलकं वाटलं. तेही नरहररावांनी नोंदवलं. काकूंच्या ओव्याने तोंड पोळलं, डोळ्यांत पाणी आलं, तास गेला, मग हळूहळू पोट निवळलं आणि निवळलेलंच राहिलं.

"झालं तर मग!" काकूंनी टाळी वाजवली. "ओवा पहिला आला. घ्या भावोजी, आ करा."

"थांबा," पोट म्हणालं. "ओव्याच्या दराचा रकाना रिकामा आहे."

"तो रिकामाच राहणार. शेजारच्या माणसाला ओवा विकू का मी?"

"शून्य लिहितो," नरहरराव म्हणाले.

"शून्य चालत नाही. फुकट देणाऱ्याचा हेतू तपासावा लागतो. त्याला वेगळी समिती बसते."

"हेतू?" काकूंचा आवाज चढला. "माझा हेतू? या घरात माझ्या आमटीची वाटी किती वर्षं येतेय, तेव्हा कुणी हेतू विचारला?"

"ती आमटी अन्न होती, कालिंदीवहिनी. अन्नाला दर विचारत नाहीत. उपायाला विचारतात."

शैलाताई मध्ये पडल्या. "वहिनी, एक रुपया लिहा ना. नावापुरता. मी देते."

"शैला, एक रुपया घेतला की मी ओवेवाली झाले. मग उद्या प्रणोतीचं केळवण कुणी करायचं? ओवेवालीने? केळवण शेजारणीने करायचं असतं गं." त्यांनी वाटी उचलली, पुन्हा ठेवली. डोळे भरून आले होते, पण ते ओव्याचं आहे असं दाखवायला त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला.

"मग दोनच दरपत्रकं वैध राहतात," पोट शांतपणे म्हणालं. "फेरमागणी करावी लागेल. मुदत सात दिवस."

सात दिवसांनी प्रणोती सासरी, कोल्हापुरात असणार होती.

काकू उठल्या. दाराशी मात्र त्यांना राहवलं नाही. स्वभाव तो. मागे वळून म्हणाल्या, "जाता जाता एवढं सांगा हो. माझं केळवण तर तुम्ही बुडवलंतच. निदान बाधलं कुणाचं ते तरी कळू दे."

पोट म्हणालं, "कुणाच्याही घरचं नाही. दोन पानांचं आहे."

"दोन पानांचं म्हणजे?"

नरहररावांनी घाईघाईने सदरा ओढला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

काकू घरी आल्या, पण ते दोन पानांचं डोक्यातून जाईना. शेजारीण म्हणून त्या प्रत्येक केळवणाला हजर होत्या, आणि कुणी काय नेसलं, पानात काय उरलं, हे त्यांच्या लक्षात राहतंच. लिमयांकडे प्रणोतीचं पान लख्ख होतं. सगळ्या बायका म्हणाल्या, पोरगी बघा कशी नीट जेवली. मामाकडेही लख्ख. आत्याकडेही. आणि प्रत्येक ठिकाणी नरहरराव तिच्या उजव्या हाताला बसले होते, अगदी पाटाला पाट लावून.

त्यांनी मागच्या दाराने हाक मारली. प्रणोती आली, लहानपणी बसायची तशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. हातावरची मेंदी अजून ओली होती, म्हणून हात गुडघ्यांवर उताणे.

"काय गं, जेवण जात नाही?"

"नाही जात, काकू." ती हसली आणि लगेच हसू गेलं. "पाटावर बसलं की सगळ्या बघत बसतात. औक्षण करतात. मग मला वाटतं, हे शेवटचं, तेही शेवटचं. घास तोंडात फिरतच राहतो. पानात टाकावं तर त्या घरच्यांना वाईट वाटेल."

"म्हणून बाबा?"

"मी काही म्हटलं नाही त्यांना. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पुरणपोळी हळूच उचलली. मग रोजच. मला म्हणाले, तू फक्त हात हलवत राहा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. कढईतल्या भज्यांच्या तेलाकडे बघितलं. उद्यासाठी ठरवलेली यादी त्यांना तोंडपाठ होती: पुरणपोळी, कटाची आमटी, अळूवडी, शेवयांची खीर. दोन माणसांनी चार पानं जेवावी इतकं. मग त्या म्हणाल्या, "तुला ताप आला की मी काय द्यायचे गं?"

प्रणोतीने वर बघितलं.

बुधवारी सकाळी काकू पुन्हा पळसुल्यांकडे गेल्या. या वेळी वाटी नव्हती. नरहरराव ओसरीवर सदरा काढून बसले होते, आणि चहा किरकोळ खर्चातून चालू होता.

"अहो," काकू पोटाला म्हणाल्या, "मला नियम विचारायचा आहे. अन्नाला दरपत्रक लागत नाही?"

"नाही."

"उपायाला लागतं?"

"तीन."

"आणि पथ्याला?"

आत काहीतरी सरकल्यासारखा आवाज आला. नरहररावांनी कप खाली ठेवला.

"मऊ भात," काकू म्हणाल्या, "वर तूप, मेतकूट, लिंबाचं लोणचं बोटाएवढं. हे अन्न म्हणावं तर आजाऱ्याला देतात. उपाय म्हणावा तर पोट भरतं. मग हे काय?"

"पथ्याबद्दल नियमात तरतूद नाही," पोट अखेर म्हणालं. आवाजात पहिल्यांदाच अवघडलेपणा होता. "तरतूद नसेल तिथे पूर्वीचं उदाहरण बघतात."

"आहे की उदाहरण! प्रणोती पहिलीत होती. गोवर आला होता. मी माझ्या उंबऱ्यावर बसवून तिला मऊ भात भरवत होते. भावोजी ऑफिसातून आले ते पिशवीसकट तिथेच टेकले. तिने अर्धा टाकला, तो उरलेला कुणी खाल्ला?"

पोटाने आठवायला वेळ घेतला.

"चार घास आले होते," ते म्हणालं. "तक्रार आली नव्हती."

"मग?"

"उदाहरण ग्राह्य आहे. एक अट."

"बोला."

"ज्याचं पान, त्याने जेवायचं."

नरहरराव मान खाली घालून बनियनची कड ओढत राहिले. काकू म्हणाल्या, "मंजूर."

दुपारी जोगळेकरांच्या स्वयंपाकघरात दोन पाट शेजारी मांडले होते. रांगोळी मोराची, समई लावलेली, औक्षणाचं तबक तयार. आणि मध्ये चांदीच्या ताटांत मऊ भाताचे दोन लहानसे ढीग. बघायला आलेल्या लिमयीणबाईंनी दाराबाहेर जाऊन कुणाला तरी सांगितलं, "केळवणाला मऊ भात! बाई, ऐकलं नव्हतं कधी." काकूंनी ते ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ऐकून सोडून दिलं.

प्रणोतीने पहिला घास घेतला. दुसरा घेतला. काकू समोर बसल्या होत्या, पण बघत नव्हत्या. मुद्दाम लोणच्याच्या बरणीचं झाकण पुसत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी तिरक्या नजरेने बघितलं, तर ताटात भाताचं शीतही नव्हतं आणि प्रणोती तुपाचं बोट चाटत होती.

"काकू, अजून आहे?"

"आहे तर! पातेलंभर आहे."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की नरहरराव जेवत नव्हते. घास हातात होता आणि हात तसाच अडला होता.

"काय झालं आता?" शैलाताई घाबरल्या. "अहो, पोट काय म्हणतंय?"

सगळे नरहररावांच्या सदऱ्याकडे बघू लागले. सदाशिवरावांनी पुढे होऊन मधलं बटण काढलं.

"इकडे तक्रार नाही," पोट म्हणालं. "इथे वाट बघणं चालू आहे. अडलंय ते वर. घसा आमच्या अखत्यारीत येत नाही."

"बाबा," प्रणोती म्हणाली, "ज्याचं पान त्याने जेवायचं."

नरहररावांनी घास गिळला. काकूंनी त्यांच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं आणि त्याचा दर कुणी विचारला नाही.

शुक्रवारी लग्न लागलं. शनिवारी सकाळी पलीकडच्या घरात कुणी बोलत नव्हतं. कालिंदीकाकू सवयीने भिंतीजवळच्या खुर्चीत बसून होत्या. समोर सदाशिवराव पेपर वाचत होते.

"भजी चांगली झाली होती," कुणीतरी म्हणालं.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. सदाशिवराव पेपरच्या आड होते, ओठ मिटलेले. आवाज पेपरच्या खालून आला होता.

"बासुंदीत साखर जरा जास्त होती," तो आवाज म्हणाला. "ती नेहमीच असते."

नवऱ्याच्या पोटाला अहो म्हणावं की अरे, हे काकूंना क्षणभर ठरवता येईना. मग इतकी वर्षं आपल्याच हातचं खाऊन वाढलेलं, म्हणून त्या एकेरीवर आल्या. "मग एवढी वर्षं बोलला का नाहीस रे?"

"तुम्हाला पलीकडचं ऐकायचं असायचं."

काकू उठल्या. खुर्ची भिंतीपासून ओढून त्यांनी टेबलाला लावली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि साखरेचा डबा हातात घेऊन पेपरच्या खालच्या बाजूला वाकून विचारलं, "किती घालू?"